सुभेदारांनी साफ केलेली राई

"मग यात माझी चूक कुठं झाली, तेवढं तरी सांगा!"

सुभेदार सगुण गवस हे तिसऱ्यांदा विचारत होते. तातोबा ओट्यावर बसून समोर कुठंतरी बघत होते.

तातोबा म्हणजे आमच्या चंदगडकडच्या एका देवराईत राहणारे म्हातारे गोसावी. मंत्र देत नाहीत, अंगारा देत नाहीत. सुभेदार फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांचे शिष्य बनून राईतच येऊन राहिले. त्याला वर्ष होत आलं होतं.

मध्यंतरी तापानं तातोबा आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होते. मी काजूचा व्यापारी, माझा टेंपो त्याच वाटेनं जातो. त्या दिवशी त्यांना परत आणायचं काम माझ्याकडे आलं.

त्या आठ दिवसांत सुभेदारांनी एकट्यानं सगळी राई साफ केली होती. पडलेली लाकडं, वाळक्या फांद्या, उभी मेलेली झाडं... सगळं तोडून, हात हात लांबीचे तुकडे करून, कवायतीला उभं केल्यासारखं रचलेलं. शेवटचं खोड त्याच सकाळी पाडलं होतं. गुरू येणार म्हणून.

खोटं कशाला बोलू, मलाही बघून बरं वाटलं. काजूच्या धंद्यात चाळून निवडलेला माल आधी उठतो. गाडीतून उतरताच मी म्हटलं होतं, "वा सुभेदार! राईला न्हाऊमाखू घातलंत की!"

तातोबा सरळ ओट्यावर जाऊन बसले होते.

"राईतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा नियम मला पाठ आहे," सुभेदार म्हणाले. "मी नेली नाही. सगळं इथंच आहे, आत. तुमच्यामागं ही राई मलाच बघायची आहे ना, बाबा? मग निदान 'बरं केलंस' एवढं तरी म्हणा."

तातोबांनी बोट उचललं.

"ती काय करतेय, बघ."

दोन खडकांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक पाखरू आलं. चिमणीहून लहान. पाठ शेवाळी हिरवी, पोट पांढरं, त्यावर काळे ठिपके. चोचीत काहीतरी धरलेलं. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर ते हवेतच फडफडलं. बसायला तिथं काही नव्हतं. मागं फिरलं.

पुन्हा आलं. त्याच जागी, त्याच उंचीवर.

"खुळी झाली काय चिमणी?" मी म्हटलं.

"सुतार पक्ष्यांतली आहे ती, शेठ," तातोबा मला म्हणाले.

"एवढीशी? अहो, सुतार पक्षी आमच्या माडावर येतो. केवढा थोरला! ठोकायला लागला की दुपारची झोप मोडते."

"त्याला शेपटीचा टेकू असतो. हिला तोही नाही. हिची ठोकणी कुणाला ऐकूसुद्धा येत नाही." तातोबा थांबले. "ओल्या लाकडात हिची चोच शिरत नाही. घराला वाळकंच लागतं."

सुभेदार त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते खोड... सकाळचं... तिथंच होतं."

आणि ढिगाकडे धावले.

ढीग उन्हात होता. एकेक तुकडा उचलून, फिरवून टाकत गेले. मीही हात लावला. शेवटी एक सापडला, मनगटाएवढा जाड. एका बाजूला रुपयाएवढं गोल भोक. सुभेदारांनी तो कानाला लावला.

"आहेत! पिल्लं जिवंत आहेत. दोन... तीनही असतील."

मलाही ऐकू आलं. चाळणीत बारीक रेती हलवावी तसा आवाज.

"गावातून बांबू आणि सुतळी आणू. बांबूला बांधून होतं तसं उभं करू. तासाभराचं काम," सुभेदार म्हणाले.

"सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही," तातोबा म्हणाले.

सुभेदार दोन खडकांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. तो तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. भोक बाहेरच्या बाजूला.

"शेठ, तुम्ही जाऊन या. मी धरतो. डोक्यावर रायफल धरून दोन-दोन तास उभा राहिलोय मी."

"रायफलीवर कुणी येऊन बसायचं नव्हतं," तातोबा म्हणाले. "आणि खोडाला डोळे नव्हते."

मी निघालो. बांबू लगेच मिळाला, सुतळीही मिळाली. पण लग्नसराई. येताना टेंपो वरातीत अडकला. नवऱ्याचा काका माझं जुनं गिऱ्हाईक, खिडकीतून पेढे कोंबायला लागला. "अरे बाबा, पिल्लं आहेत, उपाशी आहेत," मी सांगत होतो. "पोरांना पण न्या की मग!" म्हणून त्यानं आणखी मूठभर दिले. बँडपुढं कुणाला काय समजावणार?

परत पोचायला दोन तास झाले.

सुभेदार तिथंच होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. गालावरून मुंग्या चढत होत्या. डोळे मिटलेले.

"आली का?" मी हळू आवाजात विचारलं.

"येते," तातोबा म्हणाले. "बसत नाही."

मी बांबू घेऊन पुढं झालो. सुभेदारांनी मान हलवून मला थांबवलं. मग हात जरासे वाकवून, मान तिरकी करून, त्यांनी कान लाकडाजवळ नेला.

बराच वेळ.

"बाबा, आत आवाज नाही आता. मघापासूनच नाही. मला वाटलं, झोपली असतील..."

माझ्या हातात सुतळी तशीच होती.

"खाली ठेवू?"

पाखरू पुन्हा आलं. चोच भरलेली. सुभेदारांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर फडफडलं, आणि मागं फिरून समोरच्या फांदीवर बसलं.

तातोबा तिच्याकडे बघत होते.

"आधी तिला सांग."