न सुटणारी वायर

एकदा एका वृद्ध ध्वनिसंयोजकाने आपल्या शिष्याला सांगितले, "आजची हळद तू एकट्याने वाजवायची. मी मागे खुर्ची टाकून बसेन, पण कशाला हात लावणार नाही." ध्वनिसंयोजक हा शब्द माझा. गावात त्यांना सगळे साउंडवाले नाना म्हणत, आणि ध्वनिसंयोजक अशी हाक मारली असती तर नानांनी मागे वळूनही पाहिले नसते.

शिष्याचे नाव हर्षल. तोवर तो नानांचाच हेडफोन वापरत आला होता. लोकांच्या कानावर एक गाणे पडत असते, तेव्हा वाजवणाऱ्याला पुढचे गाणे एकट्याने आधी ऐकून जुळवून ठेवावे लागते. त्यासाठी हे साधन. ज्याचे त्याचे हत्यार स्वतःचे असावे, असा नानांचा दंडक होता. म्हणून सकाळीच गुरुशिष्य तालुक्याच्या बाजारात गेले.

दुकानदार चाणाक्ष होता. पोराची नजर कुठे खिळली आहे हे त्याने ओळखले आणि एक काळाभोर, दणकट हेडफोन काचेच्या टेबलावर ठेवला.

"पोलादी पट्टी आहे," तो म्हणाला. "आणि ही वायर बघा. कानाच्या वाटीत घालून फिरवली की कुलूप बसलं. हत्तीने ओढली तरी निघायची नाही. पहिलाच घेताय ना? मग एकदाच घ्या, टिकाऊ घ्या."

शिष्याने तो डोक्यावर चढवला. वायरीचे दुसरे टोक दुकानातल्या मिक्सरला, म्हणजे गाणी जुळवायच्या यंत्राला, जोडलेले होते. आवाज असा भरून आला की त्याचे डोळे आपोआप मिटले.

"नाना, हाच!"

नाना त्याच्या मागे गेले आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी त्याच्या डोक्यावरचा हेडफोन उचलून जोरात हिसडा दिला.

वायर खरोखरच निघाली नाही. मिक्सरमध्ये वरून खोचलेली पिनही आडव्या ओढीला दाद देईना. मग मिक्सरच काचेवरून घसरत आला आणि अर्धा टेबलाबाहेर लोंबला. दुकानदार किंचाळला. नानांचा डावा हात मात्र आधीपासूनच खाली तयार होता.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? खाली पडला असता म्हणजे?"

"आता तो कोपऱ्यातला दाखवा, शेठ."

कोपऱ्यातला हेडफोन राखाडी, साधा होता. त्याची वायर नुसती आत खोचायची. नानांनी त्याची पट्टी ताणून सोडली, वाट्या पुढेमागे फिरवून सांधे पाहिले, वायर मिक्सरला जोडली, तो शिष्याच्या डोक्यावर घातला आणि पुन्हा तसाच हिसडा दिला. दुकानदाराने धावत येऊन मिक्सरला मिठी मारली, पण त्याची गरज नव्हती. वायर वाटीतून अलगद बाहेर आली आणि मिक्सर जागच्या जागी राहिला.

"वायर वेगळी मिळते? कानाच्या गाद्या?"

"मिळतात की."

"मग हाच द्या."

दुकानदाराला हसू आवरेना. "आजोबा, एका हिसड्याला जो सुटतो त्याला टिकाऊ म्हणायचं? अहो, पोराचं पहिलंच काम आहे!"

शिष्याचे कान तापले. गुरूचा शब्द मोडवेना म्हणून त्याने राखाडी हेडफोन घेतला. परतीच्या वाटेवर, गाव आले तेव्हा, त्याला राहवले नाही.

"नाना, भर हळदीत वायर निघाली तर गाव मलाच हसणार. पुन्हा कोण बोलवेल मला?"

"निघाली तर परत खोचायची," नाना म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला.

संध्याकाळी मांडव भरला. व्यासपीठ म्हणून दोन मोठे, उंच चौरंग जोडले होते. त्यावर टेबल, टेबलावर मिक्सर, आणि मागे शिष्य. त्याची बोटे गाण्यांवर होती, पण जीव वायरीत अडकलेला होता. प्रत्येक गाणे बदलताना तो ती चाचपून पाही. पहिली काही गाणी नीट जुळली. बायका फेर धरून नाचू लागल्या. कोणीतरी "वाढव रे आवाज!" म्हणून ओरडले आणि त्याने आवाज वाढवला. तरी त्याचा हात वायरीवरून निघत नव्हता.

मांडवाच्या एका अंगाला तीन दगडांच्या चुलीवर नवरीच्या अंघोळीच्या पाण्याचा हंडा उकळत होता. तिथे बसलेली बाई हळद लावायला उठून गेली होती. नवरीची चिमुरडी भाची नाचत होती, तोंड नवरीकडे आणि पाठ चुलीकडे. गिरकी घेता घेता ती एकेक पाऊल मागे सरकत होती. खालच्या गर्दीत ते कोणाला दिसत नव्हते. चौरंगावरून शिष्याला दिसले.

तो ओरडला. पण त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार? स्पीकर त्यानेच वाढवले होते.

त्याने उडी मारली.

पोरीचा झगा चुलीच्या दगडाला लागला होता. त्याने तिला काखेत धरून ओढले तेव्हा त्याचे कोपर हंड्याला धडकले आणि उकळते पाणी त्याच्या मनगटावर सांडले. पोर मात्र कोरडी होती. ती घाबरून रडू लागली, पण गाणे अखंड चालू होते आणि निम्मा मांडव तसाच नाचत होता. पोरीची आई धावत आली. लेकीला छातीशी धरून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

शिष्याने डोक्याला हात लावला. हेडफोन डोक्यावरच होता. वायर तिकडे टेबलावर पडली होती. ती कधी निघाली हे त्याला कळलेही नव्हते.

नाना तांब्याभर गार पाणी घेऊन आले आणि त्याच्या मनगटावर ओतू लागले.

"नाना... तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"छे रे! मी काय ज्योतिषी आहे? काम करणाऱ्याला कधी ना कधी सगळं टाकून धावावं लागतं, एवढंच ठाऊक होतं."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"सकाळी तू कुणाचं ऐकायला तयार होतास का?" नाना हसले, आणि मग त्यांचा स्वर उतरला. "शेठ खोटं बोलला नव्हता, बाळा. ती वायर टिकलीच असती. पण तिने तुला तिथेच मागे खेचलं असतं, नाहीतर टेबलासकट मिक्सर नाचणाऱ्या बायकांच्या अंगावर आला असता. वस्तू किती घट्ट धरते हे सगळेच बघतात. मी बघतो की जोर आला की आधी काय सुटतं. जोर तर येणारच, काहीतरी सुटणारच. जे सुटेल ते पुन्हा जोडता यावं, एवढी सोय आपण आधीच करून ठेवायची. राखाडी हेडफोन उद्याही चालेल. आणि ती पोर उद्या नवरीच्या मागे मिरवेल."

शिष्याने मान खाली घातली. भाजलेले मनगट आता चुरचुरू लागले होते, पण सकाळपासून छातीत बसलेली धास्ती निघून गेली होती.

"गाणं संपत आलंय," नाना म्हणाले.

तो चौरंगावर चढला, वायर वाटीत खोचली आणि पुढचे गाणे जुळवू लागला. त्यानंतर त्याने एकदाही ती चाचपून पाहिली नाही.

आपण मात्र पदाशी, मताशी, मानापमानाशी स्वतःला बांधून घेताना गाठ किती पक्की बसली आहे, एवढेच ओढून पाहतो.