मदार मुलाण्याचं पाणी

शेवरेवाडीची वाट बैलगाडीपुरतीसुद्धा रुंद नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. त्या वेळी गावात मदार नावाचा मुलाणी राहत होता.

मुलाणी म्हणजे गावाचं बोकड-कोंबडं कापून देणारा माणूस. त्या काळी कुणाचा नवस असो, कुणाकडे पाहुणा येवो, सुरी मुलाण्याचीच चालायची. दुसऱ्यानं कापलेली सागुती गावात कुणी तोंडात घालत नसे. त्याबद्दल मदारला सुगीला खळ्यावर धान्य मिळे, आणि कापलेल्या बोकडाचा एक वाटा मिळे. देवी शेवराईच्या जत्रेतही पहिला मान पाटलाचा आणि त्याच्या मागोमाग मुलाण्याचा होता.

मदार अंगानं किडकिडीत होता. आवाज इतका हळू, की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे. पण शेरडं दावं न लावता त्याच्या मागून चालायची, असं म्हणतात. त्याची बायको जैतूनबी कपाळावर हात मारून म्हणायची, "समद्या गावच्या शेरडांना तुमचा लळा, आन् धंदा तुमचा असला! काय म्हणावं तुमास्नी?"

कापण्याआधी जनावराला पाणी पाजायचं, हे मदारला त्याच्या बापानं शिकवलं होतं. मदारनं त्यात आपली भर घातली. ज्याला खायचं आहे, त्यानंच पाणी पाजायचं. भांड्यानं नाही, ओंजळीनं. बोकडानं पाणी घेतलं तर सुरी काढायची. नाही घेतलं तर दावं सोडायचं.

लोक आधी हसले. "आता बोकडाची परवानगी काढायची व्हय रं?"

"परवानगी न्हाई," मदार म्हणायचा. "नुसती ओळख."

मग एकेक जण ओंजळ धरायला लागला. बोकडाचं ओलं नाक तळव्याला लागलं, की कुणाकुणाला कसंतरी व्हायचं. तो घरी जाऊन पिठलं-भाकरी खायचा. कुणी खायचा, पण ताटात एक तुकडाही टाकायचा नाही. हळूहळू गावात बोकडं कमी कापली जायला लागली, आणि मदारचे वाटेही कमी झाले. जैतूनबी रिकाम्या तव्याकडे बघून सुस्कारे टाकायची, पण नवऱ्याला सुरी लवकर काढा असं ती कधी म्हणाली नाही.

गावचे पाटील हैबतराव. खाण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सागुतीशिवाय त्यांना घास उतरत नसे. त्यांच्या ताटाखालची हाडं वेचायला पलीकडच्या डोंगरातून कोल्हे यायचे, असं म्हणतात. वाढणाऱ्याचा हात दुखून यायचा, पण "पुरे" हा शब्द पाटलांच्या तोंडून त्यांच्या आईनंसुद्धा कधी ऐकला नव्हता.

पाणी पाजायला पाटलांनी आधी गडी पाठवला. मदारनं विचारलं, "खाणार कोण?" गडी म्हणाला, "पाटील." मदार म्हणाला, "मग त्यांनीच यायचं."

पाटील आले. धोतराचा सोगा सावरून बसले, ओंजळ धरली. बोकडानं मान फिरवली. दुसरा आणला, त्यानंही फिरवली. पाटलांनी पाण्यात गूळ कालवला. बोकडाला मीठ चारून उन्हात बांधलं. शेवटी अंगावर मदारचं घोंगडं पांघरून, मदारसारखं खाली मान घालून बसले. बोकड जवळ आला, घोंगडं हुंगलं, आणि पाटलांच्या तोंडावर शिंकला. मग समोरच म्हशीच्या खुरानं पडलेल्या खळग्यात साचलेलं गढूळ पाणी मिटक्या मारत प्यायला. पोरं हसून हसून मातीत लोळली.

"ह्याला काय झालंय काय?" पाटील ओरडले.

"राग येणार नसंल तर सांगतो," मदार म्हणाला. "तुमी पाणी धरता, पर बघता त्याच्या मांडीकडं. तुमी कुठं बघताय, ते त्याला दिसतंय की."

पाटलांचा चेहरा लाल झाला. "ऐक, मुलाण्या. जत्रेच्या दिवशी देवीपुढं मीच ओंजळ धरणार. बोकडानं पाणी घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तरी तुझी सुरी चालली पाहिजे. चालली नाही, तर त्याच पावली गाव सोडायचं."

मदारचा जन्म गावातला. बाप, आजा याच मातीत पुरलेले. त्यानं माळावरच्या त्यांच्या कबरींकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "सोडीन, पाटील."

ही बातमी निवृत्तीबुवांच्या कानावर गेली. बुवा गावातले मोठे माळकरी. त्यांच्या घरात सागुती सोडाच, कांदा-लसूणही शिजत नसे. मदारच्या दारावरून जाताना ते मान पलीकडे वळवायचे. पण त्या दिवशी ते आपण होऊन आले. आत आले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

"मदार, बोकडं शहाणी झाली, आता माणसांनी व्हावं. सुरी विहिरीत टाक. पाटलानं हाकललं तर आम्ही माळकरी तुला सांभाळू. धान्याला कमी पडू देणार नाही."

"बुवा, मी बी खातो," मदार म्हणाला. "रोज न्हाई. कवातरी, पाणी धरून. ह्या माळावर ज्वारी धड येत न्हाई. धनगराच्या पोरांनी दुष्काळात काय खावं? जे माझं मला सुटत न्हाई, ते दुसऱ्याला कसं सोडाय लावू?"

"मग पाप लागेल."

"लागंल तेवढं घेईन."

"म्हणजे तू ना इकडचा, ना तिकडचा," बुवा म्हणाले, आणि चालते झाले.

जैतूनबी आतून म्हणाली, "बरं झालं. आता आपलं बोचकं बांधाय दोन्हीकडची माणसं येतील!"

बुवांची लेक सगुणा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण सगुणाच्या अंगातलं बळच गेलं. दूध आटलं. बुवांनी तूप दिलं, डिंकाचे लाडू दिले, गाईचं निरसं दूध दिलं. काहीच अंगी लागेना. बाळाचं रडणं बारीक होत गेलं. सुईण म्हणाली, "बुवा, माझ्या हातात असतं तर सांगितलं नसतं. तिला बोकडाच्या पायांचं कढण पाजा. दुसरा उपाय मला ठावा न्हाई."

बुवा लेकीजवळ जाऊन बसले. त्यांनी बाळाचं पांघरूण सारखं केलं. सगुणाच म्हणाली, "आबा, मी माझ्यासाठी मागितलं नसतं."

उन्हं उतरताना बुवा मदारच्या दारात आले. वहाणा हातात होत्या. मदारनं काही विचारलं नाही. आपल्याच गोठ्यातला बोकड सोडून आणला.

"सगुणाला उठवत नाही," बुवा म्हणाले. "पाणी कोण धरणार?"

"बापानं धरावं."

बुवांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "ही काढून ठेवू?"

"कशाला? माळंला बी बघू द्या की."

बुवांनी ओंजळ धरली. बोकडानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि बुवांनी बोकडाकडे. नजर काढून घ्यावी असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी ती काढली नाही. बोकड शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला आणि त्यांचे तळवे चाटले. तेव्हा बुवा लहान मुलासारखे रडले.

"मदार, हे पाप कुणाचं रे?"

"निम्मं तुमचं, निम्मं माझं," मदार म्हणाला. "पोरीच्या वाट्याला तेवढं जाऊ देऊ नका. तिला कदी बोलून दाखवू नका."

सगुणा कढण प्यायली. दुसऱ्या दिवशी तिला घाम फुटला, तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, आणि बाळाला दूध आलं. ते इतकं आलं, की शेजारणीचं तान्हंसुद्धा त्यावर वाढलं, असं म्हणतात. बुवांनी स्वतः कढणाचा थेंबही चाखला नाही. त्यांची माळ मरेपर्यंत गळ्यात राहिली. फक्त मदारच्या दारावरून जाताना ते मान वळवेनासे झाले.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळापुढच्या मोकळ्या जागेत, पिंपळाखाली गाव लोटलं. वाटण तयार होतं, मोठमोठ्या हंड्यांखाली जाळ लागला होता. एका कडेला जैतूनबी डोक्यावर बोचकं आणि काखेत कोंबडा घेऊन उभी होती.

पाटील देवीच्या पायरीखाली बसले. बोकड समोर आणला. ओंजळ धरली. बोकडानं मान फिरवली.

पुन्हा धरली. पुन्हा फिरवली. उन्हं वर आली, हंड्यांतलं पाणी उकळून अर्धं झालं.

"मदार, काढ सुरी," पाटील म्हणाले.

मदारनं सुरी काढली. ती पायरीवर ठेवली. वाकून देवीला नमस्कार केला आणि म्हणाला, "येतो, पाटील." मग तो वळून वाटेला लागला. जैतूनबी कोंबडा सावरत त्याच्या मागून निघाली.

तेवढ्यात गर्दीतून निवृत्तीबुवा पुढे आले. बोकडाच्या जागेकडे माळकरी कधी फिरकत नसत. सगळ्यांना वाटलं, आता बुवा जत्राच बंद करा म्हणणार. पण बुवा पाटलांच्या शेजारी मातीत बसले. आपला तांब्या तिरका करून त्यांनी पाटलांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"पाटील, मांडीकडं नको. डोळ्यांत बघा," ते म्हणाले. "मी बघितलंय, म्हणून सांगतो. जड जातं. पण बघा."

पाटलांनी पाहिलं. असं म्हणतात, की त्या क्षणी ढोलांचे आवाज आपोआप थांबले आणि पिंपळाचं एक पानही हललं नाही. बोकडाच्या डोळ्यांत पाटलांना त्यांनी आजवर खाल्लेली सगळी बोकडं दिसली. एकामागं एक, पार डोंगरापर्यंत उभी. त्यातल्या एकाचंही तोंड त्यांना ओळखीचं वाटेना. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं आणि बुवा ओतत होते. तांब्या लहानसा होता, पण तो रिकामा झाला नाही, असं म्हणतात. पाटलांच्या डोळ्यांतलं पाणीही त्या ओंजळीत पडलं.

मग बोकडानं मान पुढे केली आणि पाणी घेतलं.

"मदारभाई!" पाटील ओरडले. आजवर त्यांनी मदारला भाई म्हटलं नव्हतं. "परत फिरा! तुमची सुरी इथंच राहिली!"

मदार परत आला. त्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि आपलं काम केलं.

त्या वर्षी जत्रेत तो एकच बोकड कापला गेला. पण रस्सा सगळ्या गावाला पोचला, आणि शिवारातल्या धनगरांनाही पोचला, असं म्हणतात. माळकऱ्यांची पुरणपोळीची पंगत पहिल्यांदाच त्याच पिंपळाखाली, पलीकडच्या अंगाला बसली. पाटलांच्या ताटात एक तुकडा पडला आणि वर रस्सा. त्यांनी तो सावकाश खाल्ला, हाड स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवलं. वाढणाऱ्यानं सवयीनं दुसरी पळी भरली. पाटलांनी ताटावर हात आडवा धरला.

"पुरे," ते म्हणाले.

लोकांच्या हातातले घास तसेच राहिले. वाढणाऱ्याच्या हातून पळी पडली. आणि बायकांच्या पंगतीतून जैतूनबीचा आवाज आला, "अगं बया, देवी पावली!" मग जो हशा पिकला, तो पलीकडच्या गावात ऐकू गेला, असं म्हणतात.

मदार पुष्कळ वर्षं जगला आणि म्हातारा होऊन गेला. त्याची कबर माळावर आहे. दुपारी शेरडं आपण होऊन तिच्याभोवती येऊन बसतात.

आता शेवरेवाडीला डांबरी रस्ता आहे, एसटी येते, फाट्यावर चिकनचं दुकानही आहे. पण दुकानदारानं दारात दगडी कुंडी भरून ठेवली आहे, आणि गिऱ्हाईक आधी तिथं ओंजळ भरून कोंबडीपुढं धरतं. जत्रेला अजूनही एकच बोकड असतो. ओंजळ पाटलांच्या घरातला माणूस धरतो, तांब्यातून पाणी बुवांच्या घरातला ओततो, सुरी मुलाण्याच्या घरातली असते. पंगती दोन असतात, झाड एकच. कधी एखाद्याचं मन ऐन वेळी फिरतं. तो रश्श्याच्या पंगतीतून ताट घेऊन उठतो आणि पुरणपोळीच्या पंगतीशी येऊन उभा राहतो. कधी एखादा आजारातून उठलेला तिकडून इकडे येतो. का, हे त्याला विचारायचं नाही, ही मदारबाबाच्या नावानं गावानं पाळलेली रीत. बसलेल्यांपैकी कुणीतरी आपलं ताट थोडं ओढून घेतो आणि म्हणतो, "सरका रं जरा, माणूस बसू द्या."