धोंडबा आबांचे अध्यापन

खैरखेड्याच्या दंतकेंद्रात दर बुधवारी शहरातल्या कॉलेजचे विद्यार्थी हात बसवायला येत आणि त्या निमित्ताने गावाचे दात फुकट तपासले जात. कॉलेजचा गावाशी असलेला करार संपला तसे डीन डॉक्टर प्रभुणे प्राध्यापकांना घेऊन स्वतः आले. त्यांनी येताना भाषण आणले होते, नव्या करारावर सही करायची इच्छा मात्र आणलेली नव्हती.

"करारात भागीदारी असं लिहिलंय," ते म्हणाले. "आम्ही खुर्ची दिली, औषधं दिली, शिक्षक दिले. गावानं काय दिलं? केंद्र बंद करतोय."

दुसरा दंतवैद्य चाळीस किलोमीटरवर होता. सरपंच कौतिकाबाईंनी धोंडबा आबांना हाताला धरून पुढे आणले.

"साहेब, तुमच्या एकोणीस पोरांनी आयुष्यातला पहिला दात उपटला तो या आबांचा. सगळेच दात हलत होते, तरी आबांनी एकेका पोराला एकेकच दिला. आता तोंडात एकही नाही. शिकवण्यासाठी एवढं देणारा एक तरी प्रोफेसर तुमच्याकडं आहे का?"

डीनसाहेबांनी मागे वळून आपल्या प्राध्यापकांकडे पाहिले. सर्वांनी तोंडे घट्ट मिटून घेतली.

सही झाल्यावर आबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "आता कवळी बसवायला शिकणारी पोरं धाडा."