पुलाखालचा चिखल

नदीवरचा दगडी पूल नवाकोरा होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या कमानीखाली पाकोळ्या चिखलाची घरटी बांधायला आल्या. ठिपकी नावाच्या पाकोळीने आधी कमान नीट न्याहाळली. जिकडेतिकडे घरट्यांचे पाये घातलेले होते. एवढ्या भिंती एकदम चढायला लागल्या, तर शेजारचं डबकं काही पुरणार नव्हतं.

ती थेट नदीकाठी चरणाऱ्या म्हशीकडे गेली. "मावशी, पलीकडच्या ओढ्याची माती कडक आहे. तू रोज तिथे लोळलीस तर मऊ होईल. तुझ्याभोवतीच्या माश्या आम्ही टिपू."

"माश्या टिपणार असाल तर लोळते की," म्हैस म्हणाली.

शेजारणी हसल्या. "स्वतःचा पाया घातला नाही, आणि हिला आमच्या भिंतींची काळजी."

डबकं आटलं तेव्हा निम्मी घरटी अर्धवट होती. ठिपकी सगळ्यांना ओढ्यावर घेऊन गेली. तिथे लोण्यासारखा चिखल तयार होता, आणि म्हशीने ठरल्यापेक्षा एक माशीही जास्त मागितली नाही.

ठिपकीचं घरटं सगळ्यांत शेवटी झालं. त्या संध्याकाळी म्हैस पुलाखाली थांबली आणि भरलेली कमान रेडकाला दाखवत म्हणाली, "बघ, ही सगळी घरं आपल्या चिखलाची."

ठिपकीने ते ऐकलं, आणि नव्या घराच्या दारात छाती काढून बसली.