खिंडीच्या तोंडाशी असलेलं घर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. गाव उंच डोंगरावर होतं. उन्हाळा तिथे मोठा गोड असायचा, पण हिवाळ्यात छपरापर्यंत बर्फ साचायचा. म्हणून पहिला बर्फ पडायच्या आत अख्खं गाव खाली नदीकाठच्या उबदार खोऱ्यात उतरायचं, आणि खाली पळस फुलले की पुन्हा वर यायचं.

निघायची तयारी दहा-बारा दिवस चालायची. छपरांवर दगड ठेवायचे, कोंबड्या डालग्यात घालायच्या, जातं पोत्यात गुंडाळायचं, आणि म्हाताऱ्यांना कोणाच्या घोड्यावर बसवायचं यावरून भांडायचं. सगळं उरकलं की प्रत्येक घरात एक शेवटचं काम असे. चुलीपाशी सुकी लाकडं, मडकंभर पीठ, थोडं मीठ, चकमक आणि एक घोंगडं ठेवायचं. दाराला कुलूप नाही, नुसती कडी. याला ते वाटसराचा वाटा म्हणत. खिंडीतून कोणी चुकलामाकला आलाच तर तो जगावा, एवढाच त्यामागचा विचार होता.

गावातलं सर्वांत वरचं घर अगदी खिंडीच्या तोंडाशी होतं. ते ज्याचं होतं त्याला आपण घरधनी म्हणू. माणूस कष्टाळू. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, आणि जमीन अशी सारवलेली की आलेला पाहुणा पाय टेकायला बिचकावा. वाईट नव्हता तो. तुमच्या-माझ्यासारखाच होता.

एका वर्षी तो खोऱ्यातून परत आला आणि दार उघडताच त्याचं डोकं फिरलं. चुलीत राखेचा ढीग. पीठ संपलेलं. जमीन उखणलेली. आणि त्याच्या आईने विणलेलं पांढरं घोंगडं डागांनी भरलेलं, धुऊनही उपयोग नाही असं. कोण आलं असेल, कशापायी आलं असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने ते घोंगडं काठीच्या टोकाने उचललं आणि ओढ्यात सोडून दिलं. पुढे सगळा उन्हाळा तो भेटेल त्याला हेच गाऱ्हाणं सांगत होता.

हिवाळा जवळ आला. या खेपेला त्याने लाकडं, पीठ, मीठ, सगळं घोड्यावर लादलं. खिडक्या ठोकून बंद केल्या. दारावर बाहेरून दोन आडव्या फळ्या मारल्या, एकेका फळीला सहा-सहा खिळे. ठोकाठोक ऐकून थोरली आई काठी टेकत चढण चढून आली. गावातली सर्वांत वयस्क बाई ती.

"बाबा, खिंड उतरणाऱ्याला पहिलं तुझंच घर दिसतं," ती म्हणाली. "खालची घरं बर्फात दिसतसुद्धा नाहीत."

"मी काय धर्मशाळा उघडलीय, आई?" घरधनी म्हणाला. "खाली पंधरा घरं आहेत. ती आहेत की उघडी."

निदान माझी दोन लाकडं तरी तुझ्या उंबऱ्यावर ठेवते, असं ती म्हणाली. त्याने तेही नको म्हटलं; लाकडं दिसली की माणसं थांबतात, आणि थांबली की दार फोडतात, असं त्याचं म्हणणं. थोरली आई काठी टेकत उतरून गेली.

खोऱ्यातला तो हिवाळा घरधन्याला फार सुखाचा गेला. कोवळ्या उन्हात बसून तो आपल्या बारा खिळ्यांची गोष्ट रंगवून सांगे. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी तर पुढच्या वर्षी आपणही असंच करायचं ठरवून टाकलं.

पळस फुलले. गाव वर निघालं. घरधन्याचं घर सर्वांत वर, तरी घाईने चढून तो सगळ्यांच्या आधी पोहोचला. लोक आपापल्या कड्या काढतायत तोवर तो परत खाली आला. नुसता वर हात दाखवत राहिला.

लोक वर गेले. दाराला पाठ लावून एक तरुण माणूस बसला होता. अर्धा बर्फ वितळला होता, अर्धा तसाच होता. अंगाभोवती नवं कोरं घोंगडं, तेही लाकडासारखं ताठ. मांडीवर गुळाची ढेप, तिचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला. खालच्या फळीचा एक खिळा अर्धा उपसलेला होता. कशाने उपसला, ते त्याच्या बोटांकडे बघून कळत होतं.

खिळ्यांची गोष्ट ऐकून तसंच करायचं ठरवलेले दोघे मान खाली घालून लाकडं गोळा करायला गेले. अनोळखी माणसाला गावाने अग्नी दिला. त्या दिवशी गावात एकही चूल पेटली नाही.

तिसऱ्या दिवशी खिंडीतून एक बाई उतरली. कडेवर वर्षाची मुलगी. घरधनी उंबऱ्यावर बसला होता. हे घर तुमचंच का, तिने विचारलं. त्याने होय म्हणून मान हलवली. तशी ती वाकली आणि मुलगी तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमच्याच घरात जन्मली," ती म्हणाली. "गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मला खिंडीत कळा सुरू झाल्या. हे दार उघडलं म्हणून आम्ही तिघं जगलो. तुमचं घोंगडं मात्र आमच्याकडून खराब झालं. नवं विणायला मला बरेच महिने लागले. ते आणि चुलीपाशी ठेवायला गूळ घेऊन हिचे वडील निघाले. मी म्हटलं, बर्फ उतरू दे. तर म्हणाले, घोंगडं थंडीतच तिथे हवं, पुढच्याला लागेल. आणि त्या घराचं दार उघडं असतं, मला कसली भीती." मग तिने विचारलं, "पोहोचले ना ते?"

मुलगी घरधन्याचं बोट धरून खेळत होती. त्याला खोटं बोलता आलं असतं. गावातलं कोणी मध्ये पडलं नसतं.

"पोहोचले," तो म्हणाला. "दार मी ठोकलं होतं."

बाईने वाकून आपली मुलगी त्याच्या मांडीवरून उचलून घेतली. त्या माणसाच्या अंगावरचं, घडी करून ठेवलेलं घोंगडं त्याने पुढे केलं, पण तिने ते घेतलं नाही. ते या घराचंच आहे, एवढंच ती म्हणाली आणि आल्या वाटेने चढू लागली.

पुढच्या हिवाळ्यात गाव खाली उतरलं, पण घरधनी उतरला नाही. त्यानंतर तो कधीच उतरला नाही. दरवर्षी बर्फ पडायच्या आत तो लाकडं रचायचा, मडकी भरायचा, आणि चार महिने चूल विझू न देता एकटा बसून राहायचा. बाहेर वारा वाजला तरी तो उठून दार उघडून बघायचा. कितीतरी माणसं त्या दारातून आत आली, ऊब घेऊन गेली. ती बाई मात्र त्या वाटेने पुन्हा कधी आली नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, दार बंद करताना आपल्याला फक्त आपलं घर दिसत असतं. ते कोणाच्या तोंडावर बंद होतंय, हे आधी बघावं.