तेल लावलेला मल्लखांब

गाड्यांनाच काय, खांबा-दोरांनाही अजून बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. व्यायामशाळेच्या बामणेसरांकडे एक चिमुकली मोटार होती, चिमी. स्पर्धेला न्यायचा म्हणून सरांनी सागवानी मल्लखांबाला सकाळीच एरंडेल चोपडलं आणि दोराने त्याला चिमीच्या टपावर आवळून बांधलं.

"खांबदादा, तेल पुसून घ्या की," दोर कळवळून म्हणाला. "माझी पकड बसत नाहीये."

"तेल पुसून चारचौघांत जाऊ? हट्! आणि मला धरणारा तू कोण रे? भलेभले पठ्ठे माझ्यावरून घसरून आपटलेत!"

चिमी निघाली. उतारावर अचानक म्हैस आडवी आली. चिमीने करकचून ब्रेक मारला. ती थांबली, वरचा खांब कुठला थांबतोय! सुळकन निसटून तो तिच्या नाकावरून पुढे झेपावला आणि म्हशीच्या शिंगांना चाटून खड्ड्यात आदळला. चिमीचे दिवे विस्फारले.

खड्ड्यातून खांब ओरडला, "दोरा, मला धरलं का नाहीस?"

टपावरून दोर म्हणाला, "धरलंच होतं, दादा. गाठ अजून सुटलेली नाही, बघा."