तळाचं लाकूड

माती आणि लाकडं बोलायची, त्या काळी गोदाकाकूंनी अंगणात विटांचा उंच वाफा बांधला. माती होती थोडकीच, म्हणून त्यांनी तळाशी शेवग्याचं कुजकं लाकूड टाकलं, त्यावर पालापाचोळा आणि मग माती.

“शी! या कुजक्याच्या अंगावर बसू मी?” माती फणकारली.

“बस गं बाई,” लाकूड म्हणालं, “मला तेवढीच सोबत.”

उन्हाळ्यात काकू लेकीकडे गेल्या. माती तडकली, वाफ्यात लावलेल्या मिरचीच्या रोपानं मान टाकली. मातीला रडूच फुटलं. खालून लाकूड म्हणालं, “मिरचीला मुळं खाली सोडू दे. पावसाळ्यात प्यायलेलं पाणी राखून ठेवलंय मी.”

मिरची तगली.

पुढल्या वर्षी मातीनं लाकडाला लाडानं हाक मारली, “दादा!” उत्तर आलं नाही.

वाफ्यातलं गांडूळ हसलं. “अगं, तो तुझ्यातच मिसळला. आता तू ‘मी’ म्हणतेस ना, त्यात दादाही आला.”